चौथी पट्टी

कोपऱ्यावरच्या बाबागाडीत विकायला ठेवलेल्या गरम नानांवर रोज एक निळी गोधडी असायची. त्या सकाळी ती नव्हती. रात्री पावसात बर्फ मिसळून पडला होता, गोधडी भिजली असणार, म्हणून नानवाल्या बाईने घरातलं दुसरं काहीतरी आणून नानांवर घातलं होतं. मावजूदाने नेहमीसारखे दोन नान मागितले, बाईने कापडाची कड उचलली, आणि त्या कडेला मावजूदाला एका लाल फुलाचा अर्धा भाग दिसला. अर्धाच. दुसरा अर्धा कुठे आहे हे अख्ख्या दुशान्बे शहरात एकट्या तिला ठाऊक होतं. तो तिच्या कामाच्या टेबलावर, पातळ कागदाखाली, टाचण्यांनी टाचलेला होता. "धरा ना, आपा, हात भाजतोय माझा," बाई म्हणाली. मावजूदाने नान धरले. पैसे दिले की नाही हे तिला नंतर आठवेना. ट्रॉलीबसच्या तारांखालून, चिनारांच्या ओल्या पानांवरून ती चालत राहिली, नान छातीशी इतके घट्ट धरून की कोटाला तीळ चिकटले. मागे वळून बघायचं नाही, एवढंच ती स्वतःला बजावत होती. वळून पाहिलं तर ते कापड तिथे नसेल अशी भीती होती, आणि त्याहून मोठी भीती ते तिथेच असेल याची होती.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, जिथे ती फाटकीतुटकी कापडं नीट करत असे, तिथे जाऊन तिने कोटसुद्धा न काढता कागद बाजूला केला. तीन लांब पट्ट्या शेजारी शेजारी पसरलेल्या होत्या आणि चौथ्या पट्टीच्या जागी साधं, कोरं जाडंभरडं सुती कापड. दक्षिणेतल्या एका लहान गावच्या संग्रहालयात ही सुझनी, म्हणजे रेशमाने भरलेली मोठी चादर, भिंतभर टांगलेली असायची. कुणा नवरीसाठी शंभर वर्षांपूर्वी भरलेली. आधी सबंध कापडावर शाईने फुलं आखायची, मग उभ्या पट्ट्या सोडवून चार बायकांनी आपापल्या घरी न्यायच्या, आणि सगळ्या भरून झाल्या की पुन्हा एकत्र शिवायच्या, ही इथली रीत. त्यामुळे शिवणीवरचं एकही फूल धड जुळत नाही. एकीचा हात सैल, दुसरीचा घट्ट, तिसरीचा काळा रेशीमधागा मध्येच संपलेला, म्हणून तिने पिवळ्यावर भागवलेलं. सांगीन, मावजूदाचा नवरा, त्या संग्रहालयाचा राखणदार होता. शाळेची पोरं आली की तो काठी टेकवून सांगायचा, "बघा, या चौघी जावा होत्या. एका फुलापुरतंही पटलं नाही त्यांचं." पोरं हसायची आणि तोही हसायचा, आपलाच विनोद पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मावजूदा तेव्हा आतल्या खोलीत पैरणींच्या गळ्यांना टाके घालत बसलेली असायची, आणि मनात म्हणायची, झालं सुरू याचं.

मग युद्ध आलं, म्हणजे ओळखीपाळखीचेच लोक बंदुका घेऊन आले. कोणत्या बाजूचे होते ते आता कुणी बोलत नाही, आणि तेव्हाही धड कळत नव्हतं, कारण सगळ्यांच्या अंगावर एकाच जातीचे कोट होते. एके दिवशी चार पोरं संग्रहालयात शिरली. नाणी, हंडे आधीच कुणी नेले होते. राहिली होती ती सुझनी, आणि ती एकट्याने न्यायला फार मोठी होती, तेव्हा त्यांनी ती शिवणींवरून कापली आणि प्रत्येकाने एक पट्टी घेतली. सांगीन आडवा गेला. त्याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता बसला. मावजूदा पोचली तेव्हा तो मोकळ्या भिंतीला टेकून बसला होता आणि बराचसा शुद्धीवर होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत होता. बोलला फार थोडं. "चार पोरं होती," तो म्हणाला होता. "एकाने मारलं. एक सारखा म्हणत होता, चला रे, बस झालं, चला. बाकीचे दोघे नुसते उभे होते." एवढंच. रागाने नाही, किती पाहुणे आले ते संध्याकाळी घरी येऊन सांगायचा त्याच स्वरात. तह झाल्यावर ती राजधानीत आली, इथल्या संग्रहालयात लागली, आणि एकेक करून तीन पट्ट्या सापडल्या: एक चहाच्या दुकानात पडदा झालेली, एक घोड्याच्या पाठीवर, एक जुन्या बाजारात चमच्यांखाली अंथरलेली. त्या तिन्ही वेळी तिला आनंदच झाला होता. पट्टीच्या मागे कधी माणूस उभं नव्हतं. दुकानदाराने कुणाकडून तरी घेतलेली, त्याने आणखी कुणाकडून, असं करत माणूस पुसून गेलेलं असायचं. ही चौथी मात्र रोज सकाळी तिला आपा म्हणत होती.

त्यानंतर ती रोज नान घ्यायला लागली, दोनाचे चार, चाराचे सहा. कापड रोज तेच असायचं, आणि ती रोज काहीतरी विचारायचं ठरवून जायची आणि नान घेऊन परत यायची. एकदा धीर करून म्हणाली, "हे कापड छान आहे, होसियत आपा." स्वतःच्याच आवाजाची तिला लाज वाटली, बाजारात घासाघीस करणाऱ्या बाईसारखा तो आला होता. नानवाल्या होसियतने कापडाकडे बघितलंही नाही. "लेकाने आणलेलं," ती म्हणाली. "दिलोवरने. म्हणाला, आई, माझ्या लग्नात खोलीत लाव. खोली आहे तशीच आहे, सून काही आली नाही. इतकी वर्षं पेटीतच होतं. म्हटलं, नान तरी उबेला राहतील." मावजूदाने विचारलं, कुठे असतो तो. "कुठे असणार? त्याच हिवाळ्यात गेला, वर डोंगरात. मयतसुद्धा खाली आलं नाही. किती देऊ, चार?" मावजूदा चार म्हणाली. होसियतने चार नान मोजून दिले, हातावर एक तीळ राहिला होता तो उचलून जिभेवर ठेवला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आता त्या पोराला नाव मिळालं होतं आणि नाव मिळाल्यापासून तो मावजूदाच्या डोक्यातून हलायला तयार नव्हता. चौघांपैकी कोणता? टाका घालताना तिला तो उंच, रुंद खांद्यांचा दिसायचा, हातात बंदूक उलटी धरलेला, आणि सुई बोटात घुसायची. मग दुपारी चहा पिताना तोच बारीक, कोवळ्या मिशीचा व्हायचा, दाराशी उभा राहून चुळबुळत म्हणायचा, चला रे, बस झालं. त्या पोराचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, पण सांगीनने ते शब्द सांगितले तेव्हा नकळत त्याने त्या पोराचा स्वर काढला होता, थोडा रडवेला, आणि तो स्वर तिच्याकडे शिल्लक होता. होसियतच्या बोलण्यात ती तो शोधायची. "किती देऊ, चार?" यात तो सापडतोय का? कधी सापडायचा, कधी नाही. कधी वाटायचं हा दोघा नुसत्या उभ्या राहिलेल्यांतला असेल, आणि गंमत म्हणजे तिला सर्वांत जास्त राग त्यांचाच यायचा. मारणाऱ्याने मारलं, थांबवणाऱ्याने निदान तोंड उघडलं. हे दोघे काय करत होते? फुलं बघत होते? आणि आपण तरी आता काय करतोय, असं वाटून ती पुन्हा टेबलावर वाकायची.

संग्रहालयाचा प्रमुख नोरमत तिच्यापेक्षा वयाने लहान, पण जीभ तिखट. वसंतात नवरोजला नवं दालन उघडायचं म्हणून तो हात धुऊन मागे लागला होता. एका सकाळी खोलीत डोकावला आणि कपाटावरची नानांची चळत बघून म्हणाला, "मावजूदा आपा, उंदरांना जेवण घालताय का? नान संपले की भरतकामावर येतील ते." तिने त्याला सांगून टाकलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. त्याने खुर्ची ओढली, बसला, गाल खाजवले. "मग अडचण काय आहे? वस्तू आपली. पोलिसाला सांगितलं तर दुपारपर्यंत टेबलावर येईल. नको तर विकत घेऊ, बाई नाही म्हणायची नाही."

"आणि तिला काय सांगू? तुझ्या पोराने ही कशी आणली ते?"

"काही सांगू नका."

"ती विचारेल, नोरमत."

"नाही विचारायची. कोण विचारतं, आपा? माझ्या जिन्यात वरच्या मजल्यावर कोण राहतं, युद्धात तो काय करत होता, माहीत आहे तुम्हाला? मी त्याच्याकडून मीठ मागून आणतो. आपण सगळे न विचारताच तर राहतोय इथे, म्हणून राहतोय." तो सांगीनला ओळखत होता, तरुणपणी त्याच्या हाताखाली काही महिने काढले होते. उठताना त्याने एक नान उचलला, मोडला, आणि अर्धा तिच्यापुढे ठेवला.

तिने पोलिसाला सांगितलं नाही आणि विकतही मागितली नाही. तिने एवढंच केलं, की दुसऱ्या दिवशी बाबागाडीजवळ उभं राहून म्हणाली, "होसियत आपा, याच्या तीन बहिणी आमच्याकडे आहेत. चौघी एकत्र शिवलेल्या होत्या. आमच्या तिकडच्या एका संग्रहालयात." होसियतचा हात नानांवर थांबला. "म्हणजे हे कुणाचं तरी आहे," ती म्हणाली. मावजूदा म्हणाली, हो. "मला वाटलं दिलोवरला कुणी दिलं असेल. त्याला लोक द्यायचे. लहानपणापासून कुठेही गेला की कुणी ना कुणी काहीतरी हातावर ठेवायचंच." बोलता बोलता तिने कापड नानांवरून ओढून घेतलं, घडी घातली, पोटाशी धरलं. नान थंडीत उघडे राहिले आणि त्यांची वाफ क्षणभर दिसली. "बघते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावर नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. मावजूदाला वाटलं, गेली. पट्टी गेली, बाई गेली, आणि आपल्याला त्यातलं कशाचं जास्त वाईट वाटतंय हे तिला सांगता येईना.

आठवड्याने होसियत संग्रहालयाच्या दारात उभी होती. डोक्याला चांगला रुमाल, पायात धुतलेले रबरी जोडे, हातांवर इस्त्री करून घडी घातलेली पट्टी आणि तिच्यावर दोन गरम नान. तिने नान बाजूला ठेवले, घडी उलगडली, आणि मावजूदाच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. पट्टी धुतलेली होती. लाल रंग फुलांतून सुटून पांढऱ्या कापडभर पसरला होता, काठापर्यंत गुलाबी, मध्ये मध्ये जांभळट. तिघींनी मंजिष्ठेचा पक्का लाल वापरला होता, चौथीने मात्र त्या काळी बाजारात नवा आलेला, कारखान्यातला झगझगीत लाल, हे मावजूदाला पहिल्या दिवशी अर्धं फूल बघूनच कळलं होतं. पाण्याचा एक थेंब लागता कामा नये, हेही. आणि तेवढंच तिने सांगितलं नव्हतं. "कढत पाण्यात घातलं," होसियत म्हणाली. "पीठ, तेल, सगळं निघालं. दुसऱ्याची वस्तू मळकी कशी परत करायची? रंग जरा सुटला, नाही का?" मावजूदाला राग आला. इतका राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. मस्तकात रक्त चढलं, आणि रागाच्या त्या भरात तिच्या लक्षात आलं की सांगीन गेला तेव्हाही ती एवढी रागावली नव्हती. तेव्हा वेळच नव्हता. पीठ संपलेलं, पाणी नाही, रस्त्यात गोळीबार. तेव्हाचा राग आता एका धुतलेल्या कापडावर निघत होता, आणि समोरची बाई कौतुकाची वाट बघत उभी होती. "स्वच्छ निघालीय," मावजूदा कशीबशी म्हणाली.

होसियत तोवर टेबलाशी गेली होती. तीन पट्ट्यांवरून तिची नजर फिरली, मग तिने तिसऱ्या पट्टीच्या कडेवर बोट ठेवलं, सावकाश, वरून खालपर्यंत. तिथे कापड जागोजाग चिरलेलं होतं. जिने घरात एक उशी जरी शिवली असेल, तिलाही ते दिसलं असतं.

"ही उसवलेली नाही," ती म्हणाली. "सुरीने कापलीय."

"हो."

"घाईत."

"हो."

"तेव्हा तिथे कुणी होतं?"

दारात उभा असलेला नोरमत खोकला आणि निघून गेला. मावजूदाने टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. "राखणदार होता," ती म्हणाली. "माझा नवरा." होसियतचं बोट कडेवर होतं तिथेच होतं. मग तिने ते उचललं, दुसऱ्या हातात धरलं, भाजल्यासारखं, आणि दारातून बाहेर पडली. नान तसेच राहिले.

मावजूदाने पट्टी शिवायला घेतली. नोरमत दोनदा येऊन सांगून गेला, की हा गुलाबी चिखल दालनात टांगायचा नाही, त्यापेक्षा कोरं कापड होतं ते बरं, पाहुणे येणार आहेत. ती म्हणाली, कोऱ्या कापडाची जागा हरवलेल्यासाठी असते, हे हरवलेलं नाही. "खराब झालंय म्हणून सापडलं नाही असं म्हणायचं का?" तिने विचारलं. तो म्हणाला, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सुझनी टांगायला भिंतीवर लाकडी फळी ठोकायला सुतार घेऊन आला. कोपऱ्यावर आता दुसऱ्याच बाईची बाबागाडी असायची. तिचे नान कडक होते. मावजूदा ते चावता चावता मनाशी भांडायची. तिला कशाला सांगितलंस? काय मिळालं? एका आईकडे लेकाचं म्हणून एक कापड होतं, तेही काढून घेतलंस, आणि बदल्यात काय दिलंस, तर एक राखणदार. मग दुसरं मन म्हणायचं, आणि सांगीन? तो कुणाच्या खात्यात? त्याचं नाव कुणी घ्यायचंच नाही का? अशी ती दिवसभर शिवायची, आणि शिवणीवरची फुलं पूर्वी जुळत नव्हती तेवढीच आताही जुळत नव्हती.

सोमवारी संग्रहालयाला सुट्टी होती. सकाळचा चहा चुलीवर होता, तेवढ्यात दार वाजलं. दारात होसियत. पायात तेच रबरी जोडे, पण अंगरख्यावरून कंबरेला रुमाल घट्ट बांधलेला. मावजूदा त्या रुमालाकडे बघतच राहिली. घरातलं माणूस गेलं की बायका अशी कंबर बांधून उंबऱ्यावर उभ्या राहतात, घरातल्याच बायका, आई, बहीण, बायको. परक्या बाईने बांधायची रीत नाही. सांगीनच्या वेळी तिने स्वतःही बांधली नव्हती. रस्त्यात गोळ्या सुटत होत्या, कोण येणार होतं दारात? अंधार पडायच्या आत त्याला मातीआड केलं आणि दार आतून लावून घेतलं, ते लावलेलंच राहिलं होतं. ही कोण बांधणारी, असं तिच्या मनात आलं आणि तिडीक आली.

"नाव काय होतं त्याचं?" होसियतने विचारलं.

"सांगीन."

होसियतने उंबऱ्यावर पाय रोवले, दोन्ही हात बांधलेल्या कंबरेवर ठेवले आणि हंबरडा फोडला. "सांगीन रे, भावा माझ्या, उमद्या माणसा, तुला कुणी विचारलं नाही रे, तुझ्या दारात कुणी आलं नाही रे." जिन्यात आवाज घुमला. मावजूदा ओट्याचा आधार घेऊन उभी होती. चहा उतू गेला. तो राखणदार होता, त्याला उमदा कुणी म्हटलं नव्हतं, त्याचे विनोद शिळे असायचे, आणि आता एक अनोळखी बाई त्याच्यासाठी ऊर बडवत होती. मग होसियत आत आली, भिंतीजवळच्या गादीवर बसली. रुमालाच्या टोकाने तिने तोंड पुसलं.

"जायच्या आधी काही बोलला होता?"

मावजूदाने सांगितलं. चार पोरं होती. एकाने मारलं. एक सारखा म्हणत होता, चला रे, बस झालं. दोघे नुसते उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे मोठ्याने म्हणत होती, आणि सांगीनच्या त्याच पाहुणे मोजण्याच्या स्वरात तिच्या तोंडून ते निघालं.

होसियत ऐकत होती. मग म्हणाली, "माझा कोणता होता?"

उत्तर मावजूदाकडे तयार होतं. बस झालं म्हणणारा. इतके दिवस तो बारीक, कोवळ्या मिशीचा पोर तिच्याबरोबर चहा पीत होता, त्याला या बाईच्या ओटीत घालायला एक वाक्य पुरलं असतं. जिथे मूळचं काय होतं ते माहीत नाही तिथे आपल्या मनाने टाका घालायचा नाही, हे ती हाताखालच्या मुलींना शिकवत आली होती, आणि तरी ते वाक्य ओठावर आलं होतं. घातला एक टाका तर कोणाचं काय बिघडणार होतं? "तो—" तिने सुरुवात केली.

होसियतने हात वर केला. "नको," ती म्हणाली. "माहीत नाही ते नको सांगू. मी त्याला नऊ महिने पोटात वागवला, वीस वर्षं जेवू घातलं. गेले तीन आठवडे त्याला त्या राखणदारासमोर उभा करून बघतेय, आणि आता तू चार जागा सांगितल्यास. चारही जागी तो मला दिसतो, आपा. मलाच सांगता येत नाही, तर तुला कुठून येणार?"

खोलीत उतू गेलेल्या चहाचा वास भरला होता. मावजूदा उठली. खुंटीवरचा आपला रुमाल काढला, तो त्रिकोणी दुमडला, आणि कंबरेला बांधायला गेली तर गाठ बसेना. होसियतने बसल्या बसल्या पुढे वाकून ती बांधून दिली, घट्ट, आणि दोनदा ओढून पाहिली. आणि मग मावजूदाला रडू फुटलं. ती आधी सांगीनसाठी रडली, त्याच्या काठीसाठी, जावांच्या त्या शिळ्या विनोदासाठी, आणि मग कधी तरी तिच्या तोंडून दुसरं नाव निघायला लागलं, डोंगरातून खाली न आलेल्या पोराचं, कारण त्याच्या दारात तरी कोण गेलं होतं? दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून एकमेकींच्या माणसांची नावं घेत होत्या. दार सताड उघडं होतं. जिन्यात पावलं वाजली आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण, हातात पिठाची परात तशीच, उंबऱ्यापाशी येऊन घाबरीघुबरी उभी राहिली.

"काय झालं गं? कोण गेलं?"

मावजूदाने तोंड वर केलं. "आमचा सांगीन," ती म्हणाली. "आणि हिचा दिलोवर."

शेजारणीला मावजूदाचा नवरा कधीच गेला हे माहीत होतं. तरी तिने परात खाली ठेवली, जोडे काढले, आत येऊन त्यांच्या शेजारी बसली.